सलोमीबाईंचा डबा

सलोमीबाई पाटोळे यांच्याशी एकदाही वाजलं नाही असा माणूस त्या काळच्या सौंसरात शोधून सापडला नसता. आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. पांढरी सुती साडी, बारीक निळा काठ, गळ्यात मापाची टेप, काखेत छत्री. छत्री उन्हापावसासाठी नव्हती, बोलताना रोखायला होती. हेडबाई, चपराशी, भाजीवाली, रस्त्यात आडवी उभी राहिलेली म्हैस, बाईंनी कोणाला सोडलं नाही. "लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिली का वं?" असं त्या पाचवीतल्या पोरीला ज्या आवाजात विचारायच्या, त्याच आवाजात त्यांनी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना, "साहेब, बूट काढा, खाली कापड हाये," असं सांगितलं होतं. साहेबांनी मुकाट्यानं काढले.

मी जवळच्याच रामाकोन्याची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सौंसरला नोकरीला लागले, खोली घेऊन राहायला लागले. रागीट मीही कमी नाही. माझी आई म्हणायची, या पोरीच्या नाकाला कोणी हात लावू नका. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या पोरींनी तक्ते रंगवायला शिवणाच्या खोलीतलं टेबल घेतलं आणि रंग सांडला तो नेमका बेतून ठेवलेल्या झग्याच्या कापडावर. सलोमीबाई अख्ख्या वर्गासमोर माझ्यावर बरसल्या. "मेश्राम, तुमाले शिकवाले ठेवलं का नासधूस कराले?" मी घरी येऊन भांडी आपटली, आणि बदलीचा अर्ज करायचा असं ठरवून टाकलं.

दिवेलागणीला दारात छत्री दिसली. चपला बाहेर काढून सलोमीबाई आत आल्या, उभ्याच राहिल्या.

"मेश्राम, पोरींसमोर ओरडली ते माहं चुकलं."

मी वाट पाहत राहिले. माणूस माफी मागतो तेव्हा पुढे एक 'पण' येतो. पण तुम्हीही असं करायला नको होतं, पण मला त्या दिवशी बरं नव्हतं. बाईंचा 'पण' काही येईना. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकून राहिली का नाही?"

चहा पिताना मीच म्हटलं, कापडाचं आमच्या पोरींचंही चुकलंच. तर म्हणतात, "ते तुमचं तुमी पाहा. माहं मी पाह्यलं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गात आल्या, पोरी उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासमोर पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. मी अगदी अवघडून गेले. काल झालं की बाई, मी म्हटलं. "काल तुमच्यासमोर झालं. बोलली होती पोरींसमोर."

हा त्यांचा नियमच होता. दिवस मावळायच्या आत दार गाठायचं, 'पण' लावायचा नाही. त्यामुळे संध्याकाळी सौंसरच्या गल्ल्यांतून बाई छत्री घेऊन निघाल्या की लोक ओळखायचे, आज कोणाचा तरी नंबर आहे. आमचा चपराशी तर म्हणायचा, "बाईशी भांडण झालेलं बरं, बाप्पा. संध्याकाळी चिवडा घेऊन येते."

शिवणाच्या खोलीत हातमशिनी होत्या. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कापड सरकवायचं, ते नव्या पोरींना जमत नसे. बाई दोघीदोघींना बसवायच्या, एक चाकावर, एक कापडावर. आणि जोड्या कशा लावायच्या? ज्यांचं बोलणं बंद असेल त्या दोघी एका मशिनीवर. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनी एकदा अबोला धरला होता, कारण त्यांनाही आठवत नव्हतं. बाईंनी त्यांना एक परकर शिवायला दिला. चाकवाली जोरात फिरवायची, कापडवालीची शिवण नागमोडी जायची. सगळं उसवा, पुन्हा घाला. असं झाल्यावर कापडवाली शेवटी किंचाळली, "हळू फिरव ना वं!" चाकवाली म्हणाली, "मंग अगोदर सांगाले का झालतं?" बाई खिडकीपाशी टाके घालत होत्या. मानसुद्धा वर न करता म्हणाल्या, "झालं. आता पुढची शिवण सरळ येते."

अशी ही बाई, आणि तिच्या सख्ख्या भावानं तिच्याशी बोलणं टाकलेलं होतं.

हे मला कळलं ते पहिल्या नाताळात. बाई चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. नाताळच्या आधी आठवडाभर करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा घाट चालायचा. माझ्या घरी चौदा एप्रिलला खीर खायला त्या हक्कानं यायच्या, तशी मीही हक्कानं त्यांच्याकडे करंज्या लाटायला बसायचे. ताटं गल्लीभर जायची. सगळ्यात आधी मात्र एक पितळी डबा भरला जायचा. त्याला स्वच्छ फडकं बांधायच्या, आणि गाठ मारायच्या ती त्यांच्या वडिलांची. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, औषधाच्या पुड्या बांधायचे. सुरगाठच, पण टोक आत मुडपून लपवलेलं. माहीत असलेल्यानं ते टोक शोधून ओढलं की एका झटक्यात मोकळी, नसलेल्यानं नखं मोडून घ्यावीत. "आमाले दोघाहीलेच येते ही गाठ," बाई म्हणाल्या. "मले अन् दानियलले."

दानियलभाऊ पांढुर्ण्याला. रेल्वेत होते. डबा पांढुर्ण्याच्या बसनं जायचा, गजाननभाऊ कंडक्टरच्या हाती. बस तिथे थांबायची तेवढ्यात तो स्टँडमागच्या घरी नेऊन द्यायचा. आणि त्याच दिवशी डबा परत यायचा. तसाच, भरलेला, गाठसुद्धा न सुटलेली. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. पण भरलेलं भांडं तसंच परत करणं म्हणजे काय, हे मी तेव्हा पाहिलं. गजाननभाऊ डबा पुढे करून मान खाली घालायचा. बाई म्हणायच्या, "दमला असशील, बस. चहा घे." मग तोच डबा सोडून त्यातलंच त्याला वाढायच्या.

भांडणाचं कारण त्यांनी मला स्वतः सांगितलं, काही न लपवता. आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, दानियलभाऊंकडे. सगळं हगणं-मुतणं त्यांनी आणि एस्तेरवहिनींनी काढलं. बाई सुटीत जायच्या, चार दिवस राहून यायच्या. आई गेली त्या दिवशी मातीला पांढुर्ण्याची सगळी मंडळी जमली होती. दानियलभाऊ पेटीवर फुलं ठेवायला पुढे झाले, आणि बाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "जित्तेपणी घोटभर पाणी वेळेवर दिलं नाही, आता फुलं कायले वाहतं?"

"खोटं होतं ते," बाई मला म्हणाल्या. "मीच नव्हती तिच्यापाशी. त्याचा राग मले माह्यावर होता, काढला त्याच्यावर. संध्याकाळच्या आत सैपाकघरात जाऊन पाय धरले त्याचे. तं म्हणे, बाहेर तं सारं गाव होतं, आता इथं चुलीपाशी कायले आली? तवापासून बोलला नाही."

मी तापले. म्हटलं, एवढी माफी मागितली, चर्चच्या पाळकांना मध्ये घातलं, दरवर्षी डबा पाठवता, आता त्यांचंही काही आहे की नाही? बाईंनी करंजीची कड दुमडता दुमडता सांगितलं, "माफी मागणं माहं काम. देणं त्याचं काम. त्याचं काम मी कसं करू, मेश्राम?"

त्याच नाताळात त्यांनी मला चर्चला नेलं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो, बाईंच्या शेजारी छत्री. गाणी झाली, प्रवचन झालं, मग प्रभुभोजन. लोक एकेक करून पुढे जाऊन गुडघे टेकत होते, पाळकसाहेब भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देत होते. आमच्या पुढचे सगळे बाक रिकामे झाले. बाई उठल्या नाहीत. सगळ्या गावाला जेवायला वाढणारी बाई आपल्याच देवाच्या पंगतीला उपाशी बसली होती, आणि पुढे मान करून ती पंगत अशी पाहत होती की मला पाहवेना. बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाल्या, "भावाशी वाकडं असलं तं आधी त्याच्याकडे जा, मंग वेदीपाशी ये, असं प्रभूनं सांगितलं हाये. पाळकसाहेब म्हणते, तुमी गेल्या, मागितली, झालं तुमचं. बरोबर असन त्याहीचं. पण माहा हात उचलत नाही. आईच्या मातीपासून उचलला नाही."

मग पुढे फक्त एवढंच म्हणाल्या, "मरायच्या आत एकदा जेवाचं हाये त्या मेजावर."

अशी दोन-तीन वर्षं गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार व्हायची, जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव, दिवसभर एकमेकांवर दगड. आमच्या शाळेत त्याच्या बातम्या यायच्या, कोणाचं डोकं फुटलं, नदीतला झेंडा कोणी नेला. सगळ्या बाया हळहळायच्या. सलोमीबाई म्हणायच्या, "त्याहीचं एका दिवसात उरकते. दुसऱ्या दिवशी सोयरे ते सोयरे. आमचं बिनदगडाचं, म्हणून सरून नाही राहिलं."

आणि मग एका नाताळात डबा परत आला तो बाईंची गाठ सुटून. आत करंज्या नव्हत्या. संत्री होती! वर फडकं बांधलेलं, गाठ मात्र साधी निरगाठ. गजाननभाऊ म्हणाला, "घ्या बाई, दानियलभाऊनं देल्ली," आणि चहालाही न थांबता पळाला. बाईंनी गाठीवरून बोटं फिरवली. मग स्वतःच म्हणाल्या, "एस्तेरनं बांधली असन. तिले कुठं येते." शिवणाच्या बाई त्या, कोणता टाका कोणत्या पोरीचा ते नुसतं पाहून ओळखायच्या. पण माणसाला मानायचंच असलं की तो मानतो. त्यांनी एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "साखर हाये, मेश्राम. साखर!" गल्लीत प्रत्येक घरी एकेक फोड गेली. माह्या भावानं देल्ली, माह्या भावानं देल्ली, असं सांगत फिरल्या.

नवीन वर्षाच्या सुटीत म्हणाल्या, चला पांढुर्ण्याला. मला सोबत घेतलं. बसमध्ये भलताच कंडक्टर होता, गजाननभाऊची परतीची पाळी होती. बाई रस्ताभर गुणगुणत होत्या.

दानियलभाऊ अंगणात खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. बहिणीसारखंच नाक, बहिणीसारखाच हट्टी जबडा. अंगणात संत्र्याचं एक झाड, फळांनी वाकलेलं. कुंपणापलीकडे शेजारच्या बाया उन्हात वाळवणं घालत होत्या, त्यांचे हात थांबले.

"सलाम, दानियल," बाई फाटकातूनच म्हणाल्या. "संत्री लय गोड होती रे."

त्यांनी रेडिओ बंद केला. "कायची संत्री?"

"तूच तं देल्ली. डब्यात."

"म्या?" त्यांनी झाडाकडे पाहिलं. "या झाडाची? हे आंबटढाण हाये. बकरी बी तोंड लावत नाही. म्या काही देल्लं नाही."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. संत्री भरण्याचा गजाननभाऊचा उद्योग माझ्या लक्षात आला तसा बाईंच्याही आला. त्या अंगणात येऊन घराच्या पायरीवर बसल्या. रडतील असं वाटलं, तर हसायलाच लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "नाही देल्ली? मंग आता दे. मी आलीच हावो."

दानियलभाऊ उठले आणि घरात गेले. दाराचा पडदा पडला. एस्तेरवहिनी पाण्याचे पेले घेऊन आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी बाईंचा दंड धरला, चला आता. बाई उठल्या, पण फाटकाकडे वळल्या नाहीत. कुंपणाकडे वळल्या. शेजारच्या बाया होत्या, एक म्हातारे होते, रस्त्यानं जाणारे दोघं थांबले होते. त्या सगळ्यांकडे पाहून, शाळेच्या पटांगणात बोलायच्या त्या आवाजात त्या म्हणाल्या,

"तुमच्यातले काहीजण माह्या आईच्या मातीले होते. म्या तवा म्हटलं होतं, दानियलनं आईले पाणी पाजलं नाही. खोटं बोलली मी. आईचं सारं त्यानं केलं, एस्तेरनं केलं. म्या काहीच केलं नाही. माहं चुकलं."

'पण' नव्हताच. पडदा जरासुद्धा हलला नाही. आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये गजाननभाऊ होता. आम्हाला चढताना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाई सीटवर बसल्यासुद्धा नाहीत. "कायले केलं रे तू? मले येडी समजला का? भावाच्या दारात उभी करून हसं केलं माहं! खोटारड्या!" अख्खी बस ऐकत होती. तो तिकिटांची पेटी छातीशी धरून उभा. "तुमचं तोंड पाहवत नव्हतं, बाई. दरसाल भरला डबा परत द्याचा. म्या काही वाईट मनानं..."

"माफी देणं त्याचं काम होतं! त्याचं काम तू काहून केलं?"

मग त्या खिडकीपाशी बसल्या, रागानं धुमसत. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. बाई सारख्या बाहेर पाहत होत्या. मला आधी समजलं नाही. सौंसर अजून लांब होतं आणि दिवस कलला होता. एकदम त्या चालत्या बसमध्ये उठल्या, दांडा धरून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

"गजानन."

"हो, बाई."

"लोकाहीसमोर ओरडली ते माहं चुकलं."

तो मोठा धिप्पाड गडी, बाहीनं नाक पुसायला लागला. "माहंच चुकलं, बाई. म्या खोटं बोललो."

"केलं माफ," बाई म्हणाल्या. बसायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "डब्यातलं कोणी खाल्लं?"

"स्टँडवरच्या हमालाहीले वाटलं. म्या एक करंजी खाल्ली."

"कशी झाली होती?"

"लय चांगली, बाई."

"हं," म्हणून बाई बसल्या. सूर्य टेकला होता.

माझा राग मात्र शांत व्हायला वेळ लागला. पुढचा नाताळ आला तेव्हा बाई पुन्हा पितळी डबा घासायला बसल्या, तशी मी म्हटलं, आणि नेणार कोण? गजाननच? "मंग कोण?" त्या म्हणाल्या. "माफ केलं म्हणजे पुन्हा डबा द्याचा. नाहीतं ते कायची माफी?" मी विचारलं, थकत नाही तुम्ही मागून मागून? म्हणाल्या, "मले प्रभूनं कितीदा केलं माफ, ते म्या मोजलं का? मंग मागताना काहून मोजू?" आणि गाठ मारून टोक आत मुडपलं.

डबा गेला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. बस रोज स्टँडवर जायची, त्या दिवशी चर्चच्या कोपऱ्यावरच करकचून थांबली. गजाननभाऊ दारात उभा राहून ओरडत होता, "बाई! ओ बाई! या लवकर! म्या हात नाही लावला! देवाशप्पथ हात नाही लावला! दानियलभाऊनं सोता आणून सीटवर ठेवला, तुमीच उतरवून घ्या!" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, प्रवासी खिडक्यांतून माना काढून पाहत होते. बाई अनवाणी धावल्या. पुढच्या सीटवर, एखाद्या पाहुण्यासारखा, डबा एकटा बसलेला होता.

त्यांनी तो उचलला. जड होता. रस्त्यातच उभं राहून गाठीवर बोट फिरवलं, घडीत काहीतरी शोधलं, आणि ओढलं. फडकं एका झटक्यात मोकळं झालं.

आत संत्री होती. लहान, हिरवट, डागाळलेली. बाईंनी एक सोललं, फोड तोंडात टाकली, आणि त्यांचा सगळा चेहरा आक्रसला, डोळ्यांतून पाणी आलं.

"आंबट हाये," त्या म्हणाल्या. मग मला, गजाननभाऊला, खिडकीतल्या लोकांना, सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आंबट हाये वं! दानियलचंच हाये!"

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली छिंदवाड्याला झाली. निघाले तो रविवार होता. सामान आधीच गेलं होतं, मी पिशवी घेऊन स्टँडकडे चालले होते. बाईंचा निरोप आदल्या दिवशीच घेतला होता, त्यावरूनही त्यांनी मला झापलं होतं आणि संध्याकाळी येऊन गेल्या होत्या. चर्चचं दार उघडं होतं, आत गाणं चाललं होतं. मी जरा थांबून डोकावले. शेवटच्या बाकावर नेहमीच्या जागी बाई दिसल्या नाहीत. तिथे त्यांची छत्री तेवढी होती. मी टाचा उंचावून पुढे पाहिलं. वेदीपाशी लोक रांगेनं गुडघे टेकून बसले होते, आणि त्यांत एक पांढरी साडी होती, बारीक निळ्या काठाची. हात पुढे केलेले होते.